लेक म्हणते, "मला जग शिकायचंय!"

मैत्रिणींनो,

या आठवड्यात खरं तर कुरडयांबद्दल लिहायचं ठरवलं होतं. चीक का बिघडतो, असं विचारणारी सहा पत्रं पुढ्यात आहेत. पण त्यांच्याबरोबर एक सातवं पत्र निघालं, आणि ते वाचल्यावर कुरडया आठवडाभर थांबल्या तरी चालतील असं वाटलं.

पत्र एका तालुक्याच्या गावाहून आलं आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. ती लिहिते, "माझी मुलगी यंदा बारावीत गेली, कला शाखेत. हुशार आहे. आम्ही धरून चाललो होतो की बी.ए., बी.एड. करून शिक्षिका होईल. आता ती म्हणते, मला इंटरनॅशनल रिलेशन्स शिकायचंय, मला जग शिकायचंय. तिचे बाबा म्हणतात, आधी घरातली रिलेशन्स सांभाळ म्हणावं! सासूबाई विचारतात, याचं पुढे काय होतं? मला दोघांनाही उत्तर देता येत नाही. एका खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक तिनं मागवलंय. फीचा आकडा वाचून घाम फुटला. माझ्या आईनं दिलेल्या चार तोळ्यांच्या पाटल्या आहेत. ताई, पाटल्या मोडू का?"

पाटल्यांचं उत्तर शेवटी देते. आधी सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळू. तो प्रश्न काही चुकीचा नाही. पैसे आणि वर्षं घालायची तर पुढे काय होतं हे विचारायलाच हवं.

शिकतात तरी काय?

या शिक्षणाची दोन नावं तुमच्या कानावर येतील. एक आंतरराष्ट्रीय संबंध, दुसरं प्रादेशिक अभ्यास. फरक सांगते. समजा, एक मोठा वाडा आहे. कुणाचं कुणाशी पटतं, नळाच्या पाळीवरून कोण भांडतं, कुणाची भिंत कुणाच्या अंगणात सरकली, भांडण मिटवायला कुणाला बोलावतात, हे सगळ्या वाड्याचं मिळून बघायचं, तो झाला आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास. आणि त्यातल्या एकाच बिऱ्हाडात जाऊन बसायचं, त्यांची बोली शिकायची, त्यांच्याकडे काय शिजतं, कोणते सण होतात, आजोबांच्या वेळी काय घडलं म्हणून नातू अजून शेजाऱ्याशी बोलत नाही, हे समजून घ्यायचं, तो झाला प्रादेशिक अभ्यास. ते बिऱ्हाड चीनचं असेल, जपानचं असेल, रशियाचं, आफ्रिकेचं नाहीतर आखाताचं असेल.

"आपल्याला काय करायचंय जगाशी?" असं कुणी म्हणालं तर त्यांना तेलाचा डबा दाखवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि थोड्याच दिवसांत आपल्या वाण्याकडे सूर्यफुलाचं तेल कडाडलं. आपल्याकडे येणाऱ्या या तेलाचा मोठा वाटा तेव्हा युक्रेनमधून येत होता. त्याच एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली, ती जवळजवळ महिनाभर. उलट बाजूही बघा. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा इकडे नाशिकचा शेतकरी हवालदिल झाला आणि तिकडे ढाक्याच्या गृहिणीच्या डोळ्यांत कांदा न चिरताच पाणी आलं. हे धागे कसे जुळतात ते ओळखणारी माणसं सरकारला लागतात, वर्तमानपत्रांना लागतात, माल आणणाऱ्या-पाठवणाऱ्या कंपन्यांनाही लागतात.

चार रस्ते

बारावीनंतर या विषयाकडे जायचे रस्ते चार आहेत. स्वस्तापासून महागाकडे सांगते, कारण माहितीपत्रकं नेमकी उलट्या बाजूनं सुरू होतात.

पहिला रस्ता आपल्याच जिल्ह्याच्या कॉलेजातून जातो. राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र यांपैकी एक मुख्य विषय घेऊन साधं बी.ए. करायचं. राज्यशास्त्रात आंतरराष्ट्रीय राजकारण आणि भारताचं परराष्ट्र धोरण शिकवतातच. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे मुख्य विषयाला दुसऱ्या एका विषयाची जोडही देता येते. तीन वर्षांनी पदवी घ्यावी, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यावं. मात्र या साध्या बी.ए.ला एक फोडणी हवीच, ती म्हणजे परदेशी भाषा. पुण्यात विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत आहे. जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन आहे, फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवतात. गाव लांब असेल तर आता घरबसल्या ऑनलाइन शिकता येतं. पण परीक्षा मात्र मान्यतेचीच द्यायची. जपानीची परीक्षा एन ५ पासून सुरू होते आणि एन १ ही सर्वांत वरची पायरी. जर्मन आणि फ्रेंचमध्ये ए १ पासून सी २ पर्यंत चढत जायचं. "थोडं जर्मन येतं" या वाक्याला नोकरीच्या बाजारात काही किंमत नाही. "बी २ पास आहे" याला आहे.

दुसरा रस्ता भाषेच्याच पदवीचा. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जपानी, चिनी, कोरियन, रशियन, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, अरबी, फारसी अशा भाषांत बी.ए. ऑनर्स करता येतं. भाषेबरोबर त्या देशाचा इतिहास आणि संस्कृतीही शिकवतात. हैदराबादच्या इंग्रजी आणि परदेशी भाषांच्या विद्यापीठात, म्हणजे इफ्लूमध्ये, अशीच सोय आहे. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी १९३७ मध्ये चीना भवन उघडलं, तिथं आजही चिनी शिकवतात. ही सगळी केंद्रीय विद्यापीठं, त्यामुळे फी बेताची. अशा विद्यापीठांचे पदवीचे प्रवेश २०२२ पासून मुख्यतः सीयूईटी या सामाईक परीक्षेतून होतात. एक गोष्ट मात्र वहीत लिहून ठेवा. या परीक्षेचा अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. निकालाचे पेढे वाटून झाल्यावर चौकशीला निघालात तर वर्ष गेलंच म्हणून समजा. पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीची लेक आत्ताच बारावीत गेली आहे, तिच्या हातात वेळ आहे.

जाता जाता आणखी एक. याच विद्यापीठातली आंतरराष्ट्रीय अभ्यासाची नावाजलेली शाखा १९५५ मध्ये स्वतंत्र संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७० मध्ये विद्यापीठात सामील झाली. तिथं प्रवेश एम.ए.पासून पुढे. म्हणजे गावात बी.ए. आणि दिल्लीला एम.ए. असाही बेत करता येतो, आणि तो वाईट नाही.

तिसरा रस्ता थेट या विषयाच्या नावाच्या पदवीचा. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध हा मुख्य विषय घेऊन बी.ए. करता येतं. तो विभाग १९५६ पासूनचा आहे आणि विद्यापीठ सरकारी. खासगीत पुण्याजवळच्या फ्लेम विद्यापीठात इंटरनॅशनल स्टडीज हा विषय आहे आणि हरियाणात सोनिपतच्या जिंदाल विद्यापीठात या विषयाची स्वतंत्र शाखा आहे. शिक्षण चांगलं, ग्रंथालय चांगलं, पण फी वर्षाला लाखांत. शिष्यवृत्त्या असतात, त्यांची चौकशी प्रवेशाआधी करायची, नंतर नाही.

चौथा रस्ता परदेशाचा. लंडनची सोआस ही संस्था आशिया आणि आफ्रिकेच्या अभ्यासासाठी जगभर नावाजलेली आहे. तिची स्थापना १९१६ ची. गंमत बघा, त्याच वर्षी आपल्या अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. सोआसचा जन्म इंग्रजांना आपल्यासारख्यांवर राज्य करायला माणसं तयार हवी होती म्हणून झाला. आज आपल्या मुली तिथं शिकायला जातात! पण खर्च फार मोठा. त्यापेक्षा जपान सरकारच्या शिष्यवृत्तीकडे बघा. बारावीनंतरच्या पदवीसाठी ती मिळते, पहिलं वर्ष जपानी भाषेचं धरून साधारण पाच वर्षांची. शिकवणीची फी माफ, वर दरमहा खर्चाला पैसे आणि जाण्या-येण्याचं विमानभाडं. निवड कठीण आहे, पण अर्ज करायला पाटल्या मोडाव्या लागत नाहीत.

पुढे काय होतं?

आता सासूबाईंचं उत्तर. खरं तेच सांगते. नुसत्या बी.ए.वर मोठी नोकरी दारात येऊन उभी राहत नाही. बहुतेकींना एम.ए. करावं लागतं. त्यानंतर कुणी प्राध्यापक होते, कुणी संशोधन संस्थेत जाते, कुणी वर्तमानपत्रात. भाषा पक्की असेल तर दार लवकर उघडतं. पुण्या-चाकणच्या पट्ट्यात जर्मन आणि जपानी कंपन्या आहेत, तिथं दुभाषी आणि भाषांतरकार लागतात. निर्यातीचा व्यवसाय, दूतावासांतली कामं, परदेशी पर्यटकांची कामं, हेही आहेच.

आणि मुलींच्या डोळ्यांपुढे असते ती परराष्ट्र सेवा. ती मिळते केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून. कोणत्याही विषयाचा पदवीधर बसू शकतो. खुल्या वर्गाला वय २१ ते ३२, इतरांना नियमाप्रमाणे सवलत. मुख्य परीक्षेची उत्तरं मराठीतून लिहिता येतात, मुलाखतही मराठीतून देता येते. पण परराष्ट्र सेवेच्या जागा देशभरात मिळून वर्षाला तीस-चाळीस, फार तर पन्नासच्या आसपास. म्हणून "माझी मुलगी राजदूत होणार" एवढ्या एकाच खुंटीला सगळं टांगू नका. मार्ग ठेवा, पण दुसरा हाताशी असू द्या.

आणि पदवीच्या नावाचं फार मनावर घेऊ नका. निरुपमा राव यांनी इंग्रजी साहित्यात एम.ए. केलं, तेही आपल्या मराठवाडा विद्यापीठातून. १९७३ मध्ये त्या परराष्ट्र सेवेत आल्या, चीनमध्ये भारताच्या राजदूत झाल्या आणि २००९ मध्ये परराष्ट्र सचिव. संसार केला, मुलंही वाढवली. २०१८ ते २०२० या काळात परराष्ट्र सचिव असलेले विजय गोखले इतिहासाचे विद्यार्थी. ते चिनी भाषा शिकले, वर्षानुवर्षं चीनचाच अभ्यास केला, म्हणून चीनबद्दल त्यांचा शब्द आज मोलाचा मानतात. दोघांच्याही पदवीवर "आंतरराष्ट्रीय" हा शब्द नव्हता. एक देश धरला आणि तो सोडला नाही, एवढं मात्र होतं.

आणि लग्नाचं?

हा प्रश्न पत्रात लिहिलेला नाही, पण दोन ओळींच्या मधून तो मला दिसला. मुलगी दिल्लीला नाहीतर परदेशात गेली, तर तिचं लग्न कसं व्हायचं?

मुथम्मांची गोष्ट सांगते. सी. बी. मुथम्मा कर्नाटकातल्या कोडगूच्या. १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत येणाऱ्या त्या पहिल्या बाई. तेव्हाचा नियम ऐका. बाई अधिकाऱ्यानं लग्न करण्याआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची. आणि लग्नानंतर तिचा संसार कामाच्या आड येतोय असं सरकारला वाटलं, तर राजीनामा द्यायचा. पुरुषांना असलं काही नाही! वरच्या पदाची बढती त्यांना नाकारली गेली, तेव्हा मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारची कानउघाडणी केली. संसाराची अडचण बाईला येत असेल तर पुरुषालाही येऊ शकते, मग नियम एकटीलाच का, असा त्यांचा मुद्दा होता. तो नियम गेला.

सरकारी पुस्तकातला नियम गेला, पण आपल्या घराघरांत तो अजून शिल्लक आहे, नाही का? मला हे म्हणायचा अधिकार आहे, कारण एकदा तो मीही पाळला.

माझं लग्न नुकतंच झालं होतं. आमच्या धाकट्या वन्सं तेव्हा पुण्यात रशियन शिकत होत्या. पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी पास झाल्या. दुसऱ्या वर्षाचा वर्ग संध्याकाळचा आला, घरी यायला साडेआठ व्हायचे. सासूबाई म्हणाल्या, "पुरे झालं ते रशियन. कोण रशियन माणूस येणार आहे सांगून?" सगळे हसले. वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी पदवीधर होते, माझ्या शब्दाला घरात थोडाफार मान होता. मी ताटं घ्यायला आत निघून गेले.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे माळा आवरायला गेले होते. एका ट्रंकेत ती वही निघाली. निळ्या शाईतली, उलटी-सुलटी वाटणारी ती अक्षरं. वन्संनी चष्मा लावला, बोट ठेवत ठेवत एक ओळ वाचली आणि म्हणाल्या, "वहिनी, अक्षरं अजून ओळखते हो मी." त्या काही रागानं बोलल्या नाहीत. रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आधी साठ दिवसांची वही

म्हणून मैत्रिणींनो, लेकीनं विषय काढला की हसू नका, आणि लगेच पर्सही उघडू नका. आधी पारखून घ्या. एक साधी दोनशे पानी वही आणा. तिला सांगा, एक देश निवड. रोज वर्तमानपत्रात त्या देशाची बातमी शोधायची आणि दहा ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या. तिथं काय झालं, का झालं, आपल्याशी त्याचा काय संबंध. असं साठ दिवस. वीस दिवसांत वही कोपऱ्यात पडली, तर ती नावाच्या मोहात होती म्हणायचं. साठाव्या दिवशी ती दुसरी वही मागायला आली, तर आवड खरी आहे.

मग कॉलेजात जाऊन हे प्रश्न विचारा. लाजू नका, पैसे आपले आहेत.

विद्यापीठाला युजीसीची मान्यता आहे का? बनावट विद्यापीठांची यादी युजीसी स्वतःच जाहीर करते, ती बघून घ्या.

परदेशी भाषा आठवड्याला किती तास शिकवतात, आणि शेवटी मुलगी कोणत्या पायरीपर्यंत पोचते?

गेल्या दोन वर्षांतल्या मुली आज काय करतात? त्यांच्यातल्या दोघींशी स्वतः बोला. माहितीपत्रकातल्या फोटोशी नव्हे.

सगळ्या वर्षांचा मिळून खर्च किती? वसतिगृह, खानावळ, प्रवास सगळं धरून. "परदेशात एक सत्र" असं छापलं असेल तर तो खर्च फीमध्येच आहे की वेगळा?

शिष्यवृत्ती पहिल्याच वर्षापुरती की शेवटपर्यंत? मार्क घसरले तर जाते का? उत्तर लेखी घ्या.

आता पाटल्या

तर पत्र लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणी, पाटल्या तूर्त हातातच राहू देत. पहिल्या रस्त्याला त्या लागत नाहीत. दुसऱ्याला बहुधा लागणार नाहीत. तिसऱ्या रस्त्याला चार तोळे एखाद्या वर्षाच्या फीत संपतील, आणि वर्षं आहेत तीन-चार. मग दुसऱ्या वर्षी काय मोडायचं? शिष्यवृत्ती लेखी हातात आल्याशिवाय सोनाराकडे पाऊल टाकू नका.

पण तीन वर्षांनी तिची भाषा पक्की झाली, पदवी मिळाली, चांगल्या ठिकाणी एम.ए.ला प्रवेश मिळाला आणि तेव्हा चार पैसे कमी पडले, तर खुशाल मोडा. तुमच्या आईनं त्या लेकीसाठीच केल्या होत्या. तुम्हीही लेकीलाच देताय.

यजमानांना सांगा, घरातली रिलेशन्स आम्ही बायका सांभाळतोच आहोत, आता पोरीला बाहेरची बघू दे. आणि सासूबाईंना शेजारी बसवून रोज ती वही लेकीकडून वाचून घ्या. तेल का महागलं हे नातीकडून ऐकल्यावर त्यांचा प्रश्न निम्मा सुटेल.

शेवटी एक आपल्यासाठी. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठात परदेशी भाषांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहेत आणि शिकायला वयाची आडकाठी नाही. वन्संना हे सांगितलं तर म्हणाल्या, "आता काय वहिनी, साठी उलटली." पण परवा त्यांचा फोन आला. अर्ज कसा भरायचा ते विचारत होत्या. या खेपेला मी ताटं घ्यायला गेले नाही. अर्ज त्यांच्याशेजारी बसून भरला.

तुमच्या घरी अशी वही सुरू झाली तर मला जरूर कळवा. लेकीनं कोणता देश निवडला तेही लिहा.

पुढच्या आठवड्यात कुरडयांचा चीक नक्की!

तुमची,
ताई